पित्ताच्या नावाखाली

चतुर्थी दीड दिवसाची असो वा सात दिवसांची, माटोळी उतरली आणि पाहुणे आपापल्या गावी परतले की गोमंतकातील फार्मसींपुढे गर्दी दिसू लागते. नेवऱ्या, वडे, खीर, मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेल्या आरत्या आणि घुमटवादन, त्यावरचे चहा-फराळ या साऱ्याचा हिशेब छातीच्या मधोमध चुकता होत असतो. गिऱ्हाइकाला फारसे बोलावे लागत नाही. ‘पित्ताची गोळी’ एवढे दोन शब्द उच्चारले की पट्टी पुढे येते. डॉक्टरांची चिठ्ठी सहसा कोणी मागत नाही, आणि मागितलीच तर गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानाची पायरी चढते. सणावारी होणाऱ्या या दुखण्याची आम्हांस एरवी चिंता वाटली नसती. परंतु सण सरला तरी ती पट्टी घरातून जात नाही. कपाटात तिला कायमची जागा मिळते, आणि रोज सकाळी एक गोळी हा स्नानसंध्येसारखा नित्यनेम होऊन बसतो. असा नेम दहा-दहा वर्षे पाळणारी माणसे आज घरोघरी आहेत. आपण नेमके कशावर औषध घेत आहोत, असे विचारले तर त्यांच्याजवळ एकच उत्तर असते: पित्त.

मराठीत या एका शब्दावर आपण किती ओझे लादले आहे पाहा. अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठले, अर्धे डोके ठणकू लागले तर पित्त चढले, राग आला तर पित्त खवळले, पहाटे मळमळले तर पित्त झाले, आणि छातीत जळजळले तरी पित्तच. शरीरशास्त्रात ज्याला पित्त म्हणतात तो यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. तो जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या आरंभी अन्नात मिसळतो आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करतो. तो आम्ल नाही. उलट किंचित क्षारधर्मीच आहे. छाती जाळणारा रस याहून निराळा, जठराच्या अस्तरातून पाझरणारा. अंगावरच्या गांधींचा तर या दोहोंशीही संबंध नसतो. आयुर्वेदातील पित्त ही पुन्हा वेगळीच, पुष्कळ व्यापक अशी कल्पना आहे. तेथे मात्र विवेचन आपल्यापेक्षा काटेकोर आढळते. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भेद केलेले आहेत. ऊर्ध्वग म्हणजे वर जाणारे. आपल्या आज्या याच दुखण्याला ‘घशाशी येते’ असे म्हणत. दुखण्याचे सारे मर्म या क्रियापदात आहे, आणि ‘पित्त’ या नामाने नेमके तेच झाकून टाकले.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर त्यासाठी ही जागा आम्ही खर्ची घातली नसती. या शब्दापायी माणसे चुकीचे औषध चुकीच्या वेळी घेतात आणि क्वचित दगावतातही. तो प्रसंग पुढे येईलच.

जठर दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर रस पाझरते. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल लिंबाच्या रसाहूनही तीव्र असते. अन्नाबरोबर आलेले जंतू मारणे आणि प्रथिनांचे पचन सुरू करून देणे ही त्याची कामे. जठराचे स्वतःचे अस्तर श्लेष्माच्या जाड लेपाने सुरक्षित असते. अन्ननलिकेला असे कवच नाही. या दोहोंच्या सांध्यावर तीन-चार सेंटिमीटर लांबीचे स्नायूंचे कडे असते. घास उतरताना ते सैल पडते, घास गेला की आवळते. भोवतालचा श्वासपटलही त्याला बाहेरून चिमटा दिल्यासारखा आधार देतो. हे कडे अवेळी सैल पडले की जठरातील आम्ल उलट वाटेने अन्ननलिकेत शिरते, आणि उरोस्थीमागे जाळ उठतो. येथे ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, बहुतेक रुग्णांच्या जठरात आम्ल इतरांहून अधिक नसतेच. ते असायचे तेवढेच असते, फक्त नको तेथे पोहोचते.

ही साधी गोष्ट उमगायलाही वैद्यकाला वेळ लागला. जठररसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आहे, हे विल्यम प्राऊट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. अन्ननलिकेचा दाह हा जठररस वर आल्याने होत असावा, असे न्यूयॉर्कच्या अॅशर विंकलस्टाइन यांनी मांडले ते १९३५ साली. आम्ल ओळखल्यापासून ते वाट चुकते हे सुचेपर्यंत शंभरावर वर्षे गेली. तेव्हा सामान्य माणसाच्या गोंधळाला हसण्याचे कारण नाही. (जठरातील व्रणांना कारण होणाऱ्या जंतूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो व्रणाचा विकार वेगळा. त्याची आणि घशाशी येण्याची गल्लत करू नये.)

हे कडे अवेळी सैल का पडते? त्याचे एक कारण ताणलेले जठर हे आहे. पोट तुडुंब भरले की ढेकर देण्यासाठी कडे मधूनमधून आपोआप उघडते, आणि वाऱ्याबरोबर आम्लही निसटते. दिवसा, उभ्याने वा बसल्या जागी, हे फारसे बाधत नाही. आम्ल खाली ओढले जाते, आपण नकळत लाळ गिळत असतो आणि लाळेतील क्षार उरलेसुरले आम्ल मारून टाकतो. झोपेत गिळणे जवळजवळ थांबते, लाळ आटते, आणि आडव्या देहात वर-खाली असे काही उरत नाही. भरल्या पोटी आडवे होणे हे या दुखण्याला दिलेले आवतणच होय. त्यात सुटलेल्या पोटाचा भार, आवळून बांधलेला पट्टा, गरोदरपण, जेवणानंतर वाकून केलेली कामे यांची भर पडते. तंबाखू, दारू आणि तळीव पदार्थ कड्याचा आवळ सैल करतात. फेणीचा एक पेला जेवण पचवतो अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांची ही श्रद्धा भंग करावी लागत आहे याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

आता आपल्याकडील दिनक्रमाकडे पाहू. सकाळी पेज, दुपारी एकच्या सुमारास हुमण-भात, आणि रात्री दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात हलके जेवण अशी खेड्यांतील जुनी घडी होती. मडगाव, म्हापसा, फोंडा येथील पुष्कळ दुकाने आजही दुपारी बंद होतात. मात्र ती रात्री आठ-साडेआठला मिटली की दुकानदार घरी पोहोचून साडेनऊ-दहाला पान घेतो आणि अकरा वाजता अंथरुणावर पडतो. हॉटेलांतले आचारी-वाढपी, औद्योगिक वसाहतींतील पाळीवाले, इस्पितळांतील परिचारिका यांचे जेवण तर मध्यरात्रीनंतरच. जत्रेच्या नाटकातील नट आणि भजनी मंडळांतील गवई यांचीही तीच गत. सकाळी आवाज बसतो, घसा खवखवतो, कोरडा खोकला हटत नाही म्हणून काढे पिणाऱ्या कित्येक गायकांच्या घशाला रात्री वर आलेले आम्ल शिवून गेलेले असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. आमच्या वृत्तपत्राच्या धंद्याचे काय सांगावे? शेवटचे पान सोडून घरी जायचे, झाकून ठेवलेले ताट संपवायचे आणि तसेच निजायचे, हा क्रम आम्ही स्वतः अनेक वर्षे पाळला आणि त्याचे फळही भोगले.

या बाबतीत आपल्या भाषेने जपून ठेवलेला एक शब्द आठवतो: वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणे, एवढाच तिचा अर्थ. आपण कूस विसरलो आणि निद्रा तेवढी ठेवली. दोन-दोन तास उताणे घोरण्यालाही आता आपण वामकुक्षीच म्हणतो. डाव्या कुशीवर निजले असता जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या मुखाखाली राहतो आणि आम्ल तळाशी साचते. उजव्या कुशीवर ते नेमके मुखाशी येते. अन्ननलिकेतील आम्लता मोजून ही गोष्ट अलीकडे पडताळून पाहण्यात आली आहे. पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असा डांगोरा पिटण्याची आम्हांस हौस नाही. मात्र शतपावली आणि वामकुक्षी हे दोन शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या माणसांनी या दुखण्यापुढे इतके हतबल का व्हावे, हा प्रश्न मनात येतो. शतपावली तेवढी रात्रीच्या जेवणानंतरही घालावी आणि अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वी किमान तीन तास जाऊ द्यावे. अर्धे दुखणे एवढ्यानेच आटोक्यात येणारे पुष्कळ लोक आहेत.

घरगुती उपायांविषयी आम्हांस आदर आहे, पण आंधळा नाही. थंड दुधाने जळजळ तात्काळ शमते हे खरे. परंतु दुधातील प्रथिने आणि चुना थोड्याच वेळात जठराला नवे आम्ल पाझरायला लावतात, आणि मध्यरात्री पेलाभर दूध पिणारा पहाटे पुन्हा उठून बसतो. खाण्याचा सोडा आम्ल मारतो, तसाच वायूही निर्माण करतो. पोट फुगते आणि कडे पुन्हा उघडते. शिवाय चहाच्या एका चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने रोज सोडा घेणे म्हणजे एका भोकाला ठिगळ लावण्यासाठी दुसरे पाडणे होय. सोलकढीचा प्रश्न नाजूक आहे. आमसुलाने पित्त शमते ही आपली परंपरागत समजूत, आणि कित्येकांना तिने बरे वाटतेही. पण अन्ननलिकेला आधीच दाह झालेला असेल तर कोणतेही आंबट झोंबणारच. ज्याने त्याने आपल्या छातीला विचारून वाटी उचलावी. तिखटाचेही तसेच. मिरची दाह झालेल्या जागी झोंबते, परंतु भरल्या पोटी लोळणाऱ्याचा अपराध तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. बांगड्याचे तिखट हुमण सोडून, शिवराक होऊनही ज्यांची जळजळ गेली नाही, त्यांनी आपल्या जेवणाची वेळ तपासून पाहावी.

गोळ्यांची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण लोकांचा विश्वास आणि पैसा तेथेच लागला आहे. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडिन हे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले, आणि पुढे १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागून रॅनिटिडिन आले व आपल्याकडे घरोघरी पोहोचले. त्यात कर्करोगकारक असू शकणाऱ्या द्रव्याचा अंश आढळल्यावरून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० साली ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ साली वगळण्यात आले. दरम्यान १९८८ साली स्वीडनमध्ये ओमेप्रॅझोल आले आणि त्यापाठोपाठ पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही भावंडे. जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर टाकणारा जो पंप असतो, तोच ही औषधे बंद पाडतात. ती उत्तम औषधे आहेत. त्यांनी अन्ननलिकेचे व्रण भरून येतात, शस्त्रक्रिया टळतात, आणि ज्यांना ती खरोखर हवीत त्यांनी हा लेख वाचून ती मुळीच टाकू नयेत.

आक्षेप आहे तो वापराच्या रीतीला. पंप सुरू असतो तेव्हाच गोळी त्याला धरते, आणि तो सुरू होतो जेवणाने. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर, भरल्या पोटी ती गिळणाऱ्याला तिचा गुण निम्माही येत नाही. मग तो एकाच्या दोन करतो. बहुधा आठ आठवड्यांचा क्रम पुरेसा असतो. त्यानंतर ती चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम उतरू शकते, ब-१२ या जीवनसत्त्वाचे शोषण मंदावते, आतड्यांचे काही संसर्ग वाढतात. हाडे ठिसूळ होण्याशीही तिचा संबंध जोडला गेला आहे. ती एकाएकी बंद केली तर दबून राहिलेले आम्ल काही दिवस उसळून वर येते, आणि रुग्ण म्हणतो, ‘बघा, गोळीवाचून मला चालतच नाही.’ वस्तुतः ती उसळी हा गोळी सुटल्याचाच परिणाम असतो आणि काही दिवसांनी ओसरतो. म्हणून ती हळूहळू कमी करायची असते. हृदयाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा प्रभाव ओमेप्रॅझोलने कमी होऊ शकतो, हेही सांगून ठेवतो. पँटोप्रॅझोलमध्ये डॉम्पेरिडोन मिसळलेली जी जोडगोळी आपल्याकडे सर्रास मागितली जाते, तिच्यातील या दुसऱ्या औषधाच्या वापरावर हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडाच्या भीतीने युरोपीय नियामकांनी २०१४ साली कडक मर्यादा घातल्या. येथे मात्र सर्दीच्या औषधाबरोबरही ‘पोटाला आधार’ म्हणून ती पुडीत पडते. चिठ्ठीवाचून न देण्याची ही औषधे चणे-फुटाण्यांसारखी विकली जातात, याचा जाब सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाला कोणी तरी विचारला पाहिजे. आम्ही तो येथे विचारीत आहोत.

आणि आता तो प्रसंग. आमच्या कचेरीत मुद्रितशोधनाचे काम करणारे एक सहकारी होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. रात्री दीडला घरी जाऊन ते जेवीत, आणि पित्ताचा त्रास त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की टेबलाच्या खणात तांबड्या शाईच्या दौतीशेजारी सोड्याची पुडी असे. एके पहाटे त्यांची छाती भरून आली, अंगाला दरदरून घाम सुटला. पत्नी शेजाऱ्यांना हाक मारू म्हणाली. ते म्हणाले, ‘पित्त आहे, उजाडले की जाईल.’ सोडा घेतला, ढेकर आली, जरा बरे वाटले. पुन्हा कळ आली तेव्हा दुसरा पेला घेतला. या दोन पेल्यांत दोन तास गेले. इस्पितळाच्या दारात गाडी पोहोचली तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. बावन्न वर्षांचे होते.

हृदय आणि अन्ननलिका एकमेकांच्या शेजारी राहतात आणि त्यांच्या वेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, जबड्याकडे, पाठीकडे वा हाताकडे पसरणारी कळ, घाम, धाप, चढण चढताना येणारी आणि थांबल्यावर सरणारी वेदना ही हृदयाची चिन्हे होत. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तीही धड दिसत नाहीत. नुसती मळमळ आणि थकवा एवढेच असू शकते. ढेकर आल्याने वा सोड्याने बरे वाटणे हा हृदय ठीक असल्याचा पुरावा नव्हे. निष्णात डॉक्टरसुद्धा ईसीजीवाचून खात्री देत नाहीत, तेथे आपण स्वयंपाकघरात उभे राहून निदान करणे हे धाडसच. अशा वेळी १०८ क्रमांक फिरवावा. ‘पित्तच निघाले, उगाच धावाधाव झाली’ असे इस्पितळात कोणी हसले तर आपणही हसावे आणि घरी यावे.

घाईची नसली तरी टाळू नयेत अशीही काही लक्षणे आहेत. घास अडकणे, कारणावाचून वजन उतरणे, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्तातील लोह घटल्याचा अहवाल, किंवा पन्नाशी उलटल्यावर हे दुखणे प्रथमच सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर गोळी बदलत बसू नये. एंडोस्कोपी करून घ्यावी. तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली ही तपासणी काही मिनिटांची असते आणि बांबोळीच्या गोमेकॉत ती होते. अनेक वर्षे आम्लाने पोळलेल्या काही थोड्या लोकांच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलते, आणि त्यांतल्याही थोड्यांना पुढे कर्करोग संभवतो. घाबरून जाण्यासारखे त्यात नाही. भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे नाते अधिक करून तंबाखू आणि दारूशीच आहे. पण गोळीने जळजळ झाकली गेली की ही लक्षणे दिसायला उशीर होतो, हा धोका मात्र खरा.

आम्हांस स्वतःला गुण आला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे रात्रीचा डबा कचेरीतच साडेसातला उघडणे. त्यावरून सहकाऱ्यांनी केलेली थट्टा महिनाभरात थांबली, आणि आज त्या वेळी आणखी चार डबे उघडतात. दुसरी म्हणजे पलंगाच्या उशाकडील पायांखाली घातलेले सहा इंच उंचीचे ठोकळे. उशांवर उशा रचून हे साधत नाही, कारण त्याने मान वाकते, पोट मध्येच दुमडते आणि दाब उलट वाढतो. सबंध पाठच उतरती हवी. ठोकळे फणसाच्या लाकडाचे असोत वा आणखी कशाचे, कोणताही सुतार ते अर्ध्या दिवसात करून देतो. पलंगाचा पाय रुतून बसेल एवढी खाच मात्र त्यात करून घ्यावी. आमच्या पहिल्या जोडीला ती नव्हती, आणि मध्यरात्री पलंग घसरला तेव्हा सारे घर जागे झाले होते.